पत्रा सपाट कसा ठेवायचा: फॅब्रिकेशन शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

नव्या माणसाच्या हातात उठलेला पत्रा दिला की तो आधी हातोडा शोधतो. फुगा दिसेल तिथे ठोकतो, फुगा शेजारी सरकतो, मग तिथे ठोकतो, आणि थोड्या वेळात पत्रा आधीपेक्षा वाईट होऊन बसतो. त्याचा हात कच्चा असतो असं नाही. हातोड्याने पत्र्याचं नेमकं काय होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ठोकलेली जागा किंचित पातळ होते आणि पसरते, म्हणजेच लांब होते. फुगा मुळात तिथली लांबी वाढल्यामुळे आला असेल, तर प्रत्येक घावाने त्यात भरच पडते.

पत्र्याचा एक भाग शेजारच्या भागापेक्षा लांब किंवा आखूड झाला की त्या जादा लांबीला सपाटीत जागा मिळत नाही. ती वर उठते किंवा खाली बसते. कॉइल, कटिंग, पंचिंग, वेल्डिंग, प्रत्येक ठिकाणी हाच प्रकार वेगवेगळ्या कारणांनी घडतो. म्हणून वाकडा पत्रा समोर आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: यातला कोणता भाग लांब आहे? उत्तर मिळालं की उपाय दोनच उरतात. लांब भाग आखूड करा, नाहीतर आखूड भाग लांब करा.

हा फरक किती बारीक असतो ते आकड्यात पाहा. एक मीटर लांबीची एक लाट आहे आणि तिची उंची १० मिलिमीटर आहे. दिसायला हा पत्रा पार वाया गेलेला वाटतो. पण त्या लाटेतली जादा लांबी फक्त पाव मिलिमीटर असते. रोलिंग मिलमध्ये हा फरक ‘आय युनिट’मध्ये मोजतात. एक आय युनिट म्हणजे लांबीत एक लाखात एक इतका फरक, आणि वरची लाट सुमारे २५ आय युनिटची. यातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. लाटेची उंची जादा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, त्यामुळे निम्मी जादा लांबी काढली तरी लाट निम्मी होत नाही, सुमारे ७० टक्के उरते. दुरुस्ती नीट चाललेली असूनही सुरुवातीला ‘काहीच फरक पडत नाही’ असं वाटतं ते यामुळे. तिथे धीर सोडून जोर वाढवू नका.

पहिली पायरी: प्रकार ओळखा

पत्रा सपाट टेबलावर मोकळा ठेवा, चारी बाजूंनी फिरून बघा, मग उलटा करून पुन्हा बघा. साधारण पाच प्रकार दिसतात.

पत्रा लांबीच्या दिशेने एकसारखा कमानीसारखा वाकला असेल तर तो कॉइल सेट. कॉइलमध्ये गुंडाळलेला असताना बाहेरचा पृष्ठभाग ताणला गेला, आतला दाबला गेला, आणि तो फरक तसाच राहिला. हीच कमान रुंदीच्या दिशेने असेल तर क्रॉसबो. या दोन्हींत लांबीचा फरक वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांत असतो.

काठ लाटालाटांचे आणि मध्य सपाट असेल तर काठ लांब झालेले आहेत. कापडाच्या झालरीत काठाला जादा कापड असतं म्हणून ती लहरते, तसंच. याच्या उलट काठ ताठ आणि मध्ये फुगे असतील तर मध्य लांब आहे. अशा पत्र्याचा फुगा अंगठ्याने दाबला की ‘टक्’ करून दुसऱ्या बाजूला जातो, सोडला की परत येतो. याला ऑइल कॅनिंग म्हणतात. वर्कशॉपमध्ये नुसतं ‘पत्रा डबडबतो’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. पाचवा प्रकार पीळ. समोरासमोरचे दोन कोपरे टेबलाला टेकलेले आणि उरलेले दोन हवेत.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी की पहिल्या दोन प्रकारांना पत्रा उलट दिशेने वाकवून सरळ करता येतो, पण लाट आणि फुगा यांना नुसतं वाकवून काहीही होत नाही. तिथे धातू प्रत्यक्ष ताणावा किंवा आकसवावा लागतो.

दुसरी पायरी: मोजा, आणि मोजताना फसू नका

साधनं फार लागत नाहीत. सरफेस प्लेट किंवा तपासलेलं सपाट टेबल, चांगली सरळ स्ट्रेट एज, फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या), आणि जमलं तर स्टँडवरचा डायल गेज किंवा हाइट गेज. स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फटीत फीलर घाला आणि सगळ्यात मोठी फट लिहून ठेवा. कोणत्या जागी मिळाली तेही लिहा. नुसता आकडा नंतर उपयोगाचा नसतो.

इथे तीन गोष्टी फसवतात. पहिली, पत्र्याचं स्वतःचं वजन. १ मिलिमीटर जाडीचा मोठा पत्रा टेबलावर ठेवला की वजनानेच दबून सपाट दिसतो आणि वेल्डिंगनंतर तोच उठतो. म्हणून पातळ पत्रा दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्ही वेळी येणाऱ्या आकड्यांत मोठा फरक पडला, तर वजनाने काहीतरी झाकलं आहे असं समजा. उभा लटकवून पाहिला तर आणखी स्पष्ट दिसतं. दुसरी, तापमान. स्टील दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. एखादा काठ बाकीच्या पत्र्यापेक्षा २० अंशांनी गरम असेल तर तो मीटरमागे पाव मिलिमीटर वाढू पाहतो, आणि तेवढ्यात १० मिलिमीटरची लाट येऊ शकते हे वर पाहिलंच. लेझरवरून किंवा वेल्डिंग टेबलावरून नुकताच उतरलेला जॉब मोजण्यात अर्थ नाही. पूर्ण गार होऊ द्या. तिसरी, क्लॅम्प. आवळलेला जॉब सपाट असणारच.

चकाकणाऱ्या पत्र्यावर एक सोपी युक्ती चालते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडा आणि डोकं हळूहळू हलवा. रेघ जिथे वाकते तिथे पत्रा वाकलेला आहे. यातून आकडा मिळत नाही, पण फीलरच्या हाती न लागणारा फुगा डोळ्याला लगेच सापडतो.

तिसरी पायरी: किती सपाट हवा ते ठरवून घ्या

ड्रॉइंगवर फ्लॅटनेसचं चिन्ह आणि पुढे ०.५ लिहिलेलं असेल, तर संपूर्ण पृष्ठभाग एकमेकांपासून ०.५ मिलिमीटर अंतरावर असलेल्या दोन समांतर प्रतलांच्या आत बसला पाहिजे. ही व्याख्या आयएसओ ११०१ मधली आहे. फ्लॅटनेसला डेटम, म्हणजे मोजण्यासाठी दुसरा संदर्भ पृष्ठभाग, लागत नाही. पृष्ठभागाची तुलना त्याच्या स्वतःच्या आदर्श सपाटीशीच होते.

काही ड्रॉइंगवर फक्त ‘आयएसओ २७६८’ आणि एखादं अक्षर असतं. त्या मानकाच्या दुसऱ्या भागात ‘के’ वर्गासाठी ३०० ते १००० मिलिमीटर लांबीला ०.६ आणि १००० ते ३००० ला ०.८ मिलिमीटर फ्लॅटनेस दिलेला आहे. पण ते आकडे मुख्यतः मशीनिंग केलेल्या भागांसाठी ठरवलेले होते, आणि तो दुसरा भाग २०२१ मध्ये मागे घेऊन त्या जागी आयएसओ २२०८१ आलं. पातळ पत्र्याच्या वेल्ड केलेल्या मोठ्या पॅनेलवर ०.८ मिलिमीटर मागणं म्हणजे लेव्हलिंगचा वेगळा खर्च मागणं. असं ड्रॉइंग आलं तर काम सुरू होण्याआधीच विचारा: हा पृष्ठभाग कशाला टेकणार आहे? गॅस्केट बसणार असेल तर आकडा खरा आहे. नुसतं झाकण असेल तर बहुतेक वेळा सैल करता येतो. आणि आकडा मोकळ्या अवस्थेतला आहे की बोल्ट आवळल्यानंतरचा, हेही लिहून घ्या. लवचिक भागांसाठी ही नोंद ड्रॉइंगवर कशी करायची ते आयएसओ १०५७९ सांगतं. निम्मे वाद या एका ओळीने मिटतात.

मोठ्या पॅनेलला एकूण फ्लॅटनेससोबत ‘दर १०० मिलिमीटरला इतका’ अशी मर्यादाही मागता येते. त्यामुळे लांबलचक सौम्य बाक चालून जातो, पण एका जागचा टोकदार पोचा पकडला जातो.

चौथी पायरी: पत्रा घेताना आणि ठेवताना

कॉइल सेट का येतो हे एका छोट्या हिशेबाने कळतं. साध्या माइल्ड स्टीलचा यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागण्याची मर्यादा, २५० मेगापास्कल धरला तर सुमारे ०.१२५ टक्के ताणानंतर ते कायमचं वाकतं. २ मिलिमीटर जाडीचा पत्रा ८०० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत गुंडाळला की त्याचा पृष्ठभाग ही मर्यादा ओलांडतो. कॉइलचा आतला व्यास बहुतेक ५०८ किंवा ६१० मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या २५४ किंवा ३०५. तेव्हा २ मिलिमीटरच्या कॉइलमध्ये आतल्या थरांना बाक येणारच, आणि जितकं आत जाल तितका तो वाढणार. ०.५ मिलिमीटरच्या पत्र्याची मर्यादा मात्र २०० मिलिमीटर त्रिज्येवर येते, म्हणून त्याला कॉइल सेट फारसा लागत नाही. एकाच कॉइलचे पहिले आणि शेवटचे पत्रे वेगळे वागतात, त्यामागे हेच कारण.

कॉइल उलगडताना तो सरळ करणारी यंत्रं दोन जातींची असतात आणि नवखे त्यांची गल्लत करतात. स्ट्रेटनरमध्ये थोडे आणि जाड रोल असतात; तो कॉइल सेट आणि बऱ्याच अंशी क्रॉसबो काढतो. प्रिसिजन लेव्हलरमध्ये पुष्कळ बारीक रोल असतात आणि त्यांच्या मागे बॅकअप रोल असतात. बॅकअप रोलनी कामाचे रोल रुंदीत हवे तिथे जास्त दाबता येतात, म्हणून काठाची लाट आणि मधला फुगा तोच काढू शकतो. काठ लहरत असतील तर लेव्हलर मध्यावर जास्त काम करतो, म्हणजे मध्य ताणून काठाइतका लांब करतो. मध्ये फुगा असेल तर काठांवर जास्त काम. एन्ट्रीला खोल वाकवायचं आणि एक्झिटकडे हळूहळू सैल सोडायचं. पत्र्याच्या जाडीचा निदान ७० ते ८० टक्के भाग यील्डच्या पलीकडे गेला तरच सपाटपणा टिकतो. वर उदाहरणात घेतलेल्या २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी ८० टक्क्यांचा अर्थ सुमारे १६० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवणं. नुसता हलका दाब देऊन पत्रा ‘दिसायला’ सरळ केला, तर आतले ताण तसेच बसून राहतात आणि लेझरखाली बाहेर येतात.

सगळ्यात भरवशाचा पत्रा हवा असेल तर स्ट्रेचर लेव्हल केलेला मागा. त्यात पत्रा दोन्ही टोकांनी पकडून यील्डच्या पलीकडे ताणतात, त्यामुळे आखूड आणि लांब सगळे भाग एका लांबीवर येतात आणि आतले ताणही जवळपास सारखे होतात. महाग पडतो, पण लांब, अरुंद किंवा पुष्कळ छिद्रांच्या भागांना त्याची किंमत वसूल होते. युरोपीय मानकांत, उदाहरणार्थ कोल्ड रोल्ड पत्र्याच्या ईएन १०१३१ मध्ये, फ्लॅटनेसचे सर्वसाधारण आणि विशेष असे दोन दर्जे आहेत. ऑर्डरमध्ये दर्जा लिहिला नाही तर सर्वसाधारणच येतो, आणि तो तुमच्या जॉबला पुरेलच असं नाही.

आलेल्या मालात ताण दडलेत का, हे एका पत्र्यावर तपासता येतं. रोलिंगच्या दिशेने काठाकडच्या आणि मधल्या अशा काही अरुंद लांब पट्ट्या कापा आणि टेबलावर मोकळ्या ठेवा. वर कमान झाली तर दोन पृष्ठभागांत ताणाचा फरक आहे. बाजूला तलवारीगत वाकली तर रुंदीत फरक आहे. सगळ्या सरळ राहिल्या तर निर्धास्तपणे नेस्टिंग करा, म्हणजे पत्र्यावर कापायच्या भागांची मांडणी करा.

साठवणीबद्दल थोडकंच. पत्रे आडवे ठेवा, खालचे ओंडके पुरेसे जवळ आणि थरांमधले ओंडके एकावर एक बरोबर रेषेत. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला पातळ पत्रा बाक घेतो. २५०० × १२५० × १ मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा साधारण साडेचोवीस किलोचा असतो. दोन कोपरे धरून एकट्याने उचलला तर मध्येच मोडतो आणि ती घडीची रेघ नंतर कशानेही पूर्ण जात नाही. दोघांनी उचला किंवा व्हॅक्यूम लिफ्टर वापरा.

पाचवी पायरी: कापताना

शिअरिंगमध्ये वरची ब्लेड तिरकी असते. तो कोन, म्हणजे रेक, जितका जास्त तितकी कापायची ताकद कमी लागते, पण पट्टीला पीळ आणि बाक जास्त येतो. अरुंद पट्ट्या कापायच्या असतील तर मशीन परवानगी देईल तितका रेक कमी करा, ब्लेड धारदार ठेवा आणि ब्लेडमधली फट जाडीप्रमाणे लावा. अगदी अरुंद पट्ट्यांना शिअरपेक्षा लेझर बरा.

लेझरची उष्णता अरुंद पट्ट्यात असते, तरी ती साठत जाते. शेजारीशेजारी छिद्रं ओळीने कापत गेलात तर तो भाग तापतो, वाढतो, उठतो आणि कधीकधी नोझलला धडकतो. प्रोग्रॅममध्ये क्रम असा लावा की हेड एका भागातून दुसऱ्या दूरच्या भागात उड्या मारेल. भागातली आतली छिद्रं आधी, बाहेरची कड शेवटी. छोट्या भागांना मायक्रोजॉइंट, म्हणजे पत्र्याशी जोडून ठेवणारे न कापलेले बारीक दुवे, ठेवा. उरणारा सांगाडा मधेमधे कापून मोकळा करा, नाहीतर तो स्वतः आकसून न कापलेल्या भागांना ओढतो. प्लाझ्मात उष्णता याहून बरीच जास्त असते, म्हणून पातळ पत्र्याला वॉटर टेबल वापरतात. वॉटरजेटमध्ये उष्णतेचा प्रश्न जवळपास येतच नाही. पण पत्र्यात आधीच ताण दडलेले असतील तर वॉटरजेटने कापलेला भागही वाकेल. कापल्यावर वाकलेल्या प्रत्येक भागाचा दोष उष्णतेवर ढकलू नका.

पंचिंगचा प्रकार वेगळा. प्रत्येक छिद्राभोवतीचा धातू बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. शेकडो छिद्रं मारली की जाळीचा सगळा भाग वाढू पाहतो, पण भोवतीचा कोरा काठ त्याला वाढू देत नाही. मग मध्य फुगतो. उपाय असे: पंच धारदार, डायमधली एकूण फट मटेरियलप्रमाणे जाडीच्या साधारण १५ ते २५ टक्के, छिद्रं सलग न मारता आधी एकाआड एक मारून मग मधली भरायची, आणि डिझाइन आपल्या हातात असेल तर कोरा काठ शक्य तितका अरुंद. दाट जाळीच्या पत्र्याला पंचिंगनंतर लेव्हलरमधून काढणं गृहीतच धरा.

सहावी पायरी: बेंडिंगचा फायदा घ्या

चांगला डिझाइनर पत्रा सपाट ठेवण्याचं ओझं वेल्डरवर टाकत नाही. काठाला एक फ्लँज, म्हणजे उभी पट्टी, वाकवली की पत्रा त्या दिशेने ताठ होतो. मोठ्या कोऱ्या पॅनेलला बीड (उठावाची लांब रेघ) दाबली, किंवा कर्णांवर अगदी हलका क्रॉस ब्रेक, म्हणजे फुलीसारखा बाक, दिला, की जादा लांबीला एक ठरलेली जागा मिळते आणि डबडबणं थांबतं. हवेच्या डक्टच्या भिंतींवर दिसणारी फुली याचसाठी असते.

मात्र प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, येणारा पत्रा आधीच कमानदार असेल तर बेंडचा कोन लांबीभर सारखा येत नाही. लांब बेंड मध्ये कमी आणि टोकांना जास्त वाकला असेल तर आधी मशीनचं क्राउनिंग, म्हणजे बेडचा मध्यातला लवणारा बाक भरून काढणारी सेटिंग, तपासा. पत्र्याला दोष नंतर द्या. ॲल्युमिनियमचा लवचिकता गुणांक स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे तेवढ्याच यील्डला ते तिप्पट परत उसळतं. स्टीलवर बसवलेली सेटिंग ॲल्युमिनियमवर चालणार नाही.

सातवी पायरी: वेल्डिंग

सगळ्यात जास्त पत्रे इथे बिघडतात, म्हणून इथे सावकाश थांबू. वेल्डजवळचा धातू तापतो आणि वाढू पाहतो. भोवतीचा गार पत्रा त्याला अडवतो, त्यामुळे तो मऊ धातू जागीच दाबला जातो. गार होताना तो आकसतो आणि मूळ लांबीपेक्षाही आखूड होतो. वेल्डची रेघ बाकीच्या पत्र्यापेक्षा आखूड झाली, म्हणजे बाकीचा पत्रा तिच्या मानाने लांब झाला, आणि तो उठतो. चौकटीवर चारी बाजूंनी वेल्ड केलेलं पॅनेल मध्ये डबडबतं ते यामुळेच. कडा आकसल्या, मध्य तेवढाच राहिला.

त्यामुळे वेल्डिंगमधली सगळी काळजी दोन गोष्टींसाठी असते: उष्णता कमी घालायची, आणि घातलेली सगळीकडे सारखी वाटायची.

कमी घालण्याची सुरुवात वेल्डच्या मापापासून होते. ड्रॉइंगवर ३ मिलिमीटर लेगचा (बाजूचा) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड, असताना ४ चा भरला, तर धातू सुमारे पावणेदोन पट जातो, कारण क्षेत्रफळ लेगच्या वर्गाने वाढतं. ‘जरा जास्त भरला तर मजबूत होईल’ ही समजूत पातळ पत्र्याच्या कामात सगळ्यात महागात पडते. मागितलेला असेल तिथेच सलग वेल्ड. बाकी ठिकाणी तुटक वेल्ड पुरतो. उष्णतेचा अंदाज घ्यायला व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले एक हजार आणि मिनिटाला मिलिमीटरमधला वेग, असा हिशेब करा. २० व्होल्ट, १२० अँपिअर आणि ४०० मिलिमीटर प्रतिमिनिट या सेटिंगला मिलिमीटरमागे ०.३६ किलोज्यूल येतात. बाकी तेच ठेवून हात ६०० च्या वेगाने चालला तर ०.२४. वेग वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण त्यासाठी फिटिंग नीट हवं. जोडात फट असली की वेल्डर हळू जातो, वायर जास्त घालतो आणि पत्रा तापतो. चांगलं फिटिंग अर्धं काम करतं.

सारखी वाटण्यासाठी क्रम. टॅक, म्हणजे जोड जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके, जवळजवळ आणि छोटे मारा. एका टोकाकडून दुसऱ्याकडे ओळीने नको. मध्यावर एक, दोन टोकांना दोन, मग प्रत्येक अंतराच्या मध्ये एक, असं भरत जा. मग मुख्य वेल्डचे छोटे तुकडे करा आणि उड्या मारत घाला, किंवा बॅकस्टेपने, म्हणजे प्रत्येक छोटा तुकडा एकूण दिशेच्या उलट ओढत. जोडाच्या दोन्ही बाजूंना वेल्ड असेल तर आलटूनपालटून. हाताला चटका बसेल इतका भाग तापला की थांबा आणि दुसरीकडे जा.

जोडाच्या खाली तांब्याची पट्टी क्लॅम्प केली तर ती उष्णता ओढून घेते आणि पत्रा घट्ट धरूनही ठेवते. क्लॅम्प गार झाल्यावरच सोडा.

मटेरियल बदललं की हिशेब बदलतो. ३०४ सारखं स्टेनलेस स्टील उष्णता माइल्ड स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच वाहून नेतं आणि तापल्यावर जवळपास दीडपट वाढतं. उष्णता एका जागी साचते आणि तिथला धातू जास्त वाढतो, त्यामुळे तेच काम स्टेनलेसमध्ये जास्त ओढतं. त्याला टॅक आणखी जवळ लागतात. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट वाढतं, पण उष्णता झटकन पसरवतं. तिथे वेग जास्त ठेवावा लागतो.

आठवी पायरी: तरी उठला, तर

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारा: लांब काय आहे?

वेल्डची रेघ आखूड होऊन काठ लहरत असेल, तर ती रेघच लांब करायची. खाली जड डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) किंवा सपाट ऐरण घट्ट धरा आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने वेल्डवर हलके, एकमेकांना लागून घाव मारत जा. धातू डॉली आणि हातोड्यात चेपला जाऊन ताणला जातो. काही घावांनंतर थांबून मोजा. जास्त ताणलात तर उलट फुगा येतो आणि ते दुरुस्त करणं अवघड असतं. खाली डॉली नसताना मारलेला घाव पत्रा फक्त वाकवतो, ताणत नाही. दोन्हींचा उपयोग वेगळा, म्हणून आपण कोणता करतोय हे प्रत्येक वेळी माहीत असू द्या. पृष्ठभाग खराब करायचा नसेल आणि फक्त वाकवायचं असेल तर लाकडी किंवा नायलॉनचा मॅलेट.

मध्य लांब होऊन डबडबत असेल तर त्यावर हातोडा अजिबात नको. तिथे आकसवायचं. माइल्ड स्टीलवर फुग्याच्या उंच बाजूला टॉर्चने एक छोटा ठिपका पटकन तापवा, मंद लाल, म्हणजे सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, आणि लगेच ज्योत काढा. ठिपका वाढू पाहतो, भोवतीचा गार धातू त्याला अडवतो, आणि गार होताना तो आकसतो. वेल्डने जे नुकसान केलं तीच क्रिया आपण आता आपल्या सोयीने वापरतो. ठिपके लहान आणि पसरलेले ठेवा, फुग्याच्या कडेकडून माथ्याकडे जा, आणि प्रत्येक फेरीनंतर पूर्ण गार झाल्यावरच पुढचे ठिपके ठरवा. मोठा भाग एकसारखा तापवला तर अडवायला गार धातूच उरत नाही आणि काहीही आकसत नाही. ज्योत मोठी करण्याचा मोह इथे आवरावा लागतो.

काही ठिकाणी ज्योत वापरू नका. क्वेंच करून, म्हणजे तापवून झटकन गार करून, कडक केलेल्या स्टीलची ताकद जाते. ३०४ स्टेनलेस सुमारे ४२५ ते ८५० अंशांत थांबलं तर त्याचा गंजरोध कमी होऊ शकतो. ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, आणि हीट ट्रीट केलेले त्याचे मिश्रधातू तापले की मऊ पडतात. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर थर जळतो आणि निघणारा धूर अपायकारक असतो; थर आधी काढा आणि हवा खेळती ठेवा.

लेझर किंवा पंचिंगनंतर पुष्कळ सपाट भाग उठले असतील तर एकेक ठोकत बसण्यापेक्षा पार्ट लेव्हलरमधून काढणं वेळ वाचवतं. पण बेंडिंगच्या आधी. वाकवलेला भाग त्यात जात नाही.

नववी पायरी: कोटिंगला पाठवण्याआधी

पावडर कोटिंगच्या भट्टीत जॉब साधारण १८० ते २०० अंशांना तापतो. नीट टांगला नाही तर तो तिथे लटकून बाक घेतो, म्हणून हुक कुठे लागणार ते आधी ठरवून त्यासाठी छिद्रं ठेवा. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचं प्रकरण याहून गंभीर. जस्ताचं टाकं सुमारे ४५० अंशांचं असतं; त्या तापमानाला स्टीलची यील्ड ताकद बरीच घटते आणि आत दडलेले वेल्डिंगचे ताण पत्र्याला वाकवतात. पातळ पॅनेल जाड चौकटीला वेल्ड केलेलं असेल तर पत्रा आधी तापतो, चौकट मागून, आणि फुगा पक्का. असा जॉब शक्य असेल तर आधी गॅल्व्हनाइज केलेला पत्रा वापरून बोल्ट किंवा रिव्हेटने जोडा. वेल्डच करायचं असेल तर पॅनेलला आधीच बीड द्या आणि टाक्यात बुडवताना जस्त झटकन आत-बाहेर जाईल इतकी मोठी छिद्रं ठेवा.

कोटिंगच्या आधीची मापं जॉबच्या कागदावर लिहून पाठवा, कोणत्या बाजूने आणि कशावर ठेवून मोजलं त्यासह. परत आल्यावर त्याच टेबलावर, त्याच जागी, तशाच आधारावर मोजा.